आंबटाचं वय

आमच्या सोसायटीत दोन गाड्यांची जागा कायमची रिकामी असते. तिथं चिंच आहे. पाषाण-सूस रस्त्याच्या बाजूला इमारती उठल्या त्याआधी हा सगळा शेतांचा भाग होता आणि ही चिंच कुणाच्या तरी बांधावर उभी होती. शेत गेलं, बांध गेला, चिंच राहिली. शहरात मोठं झाड पाडायचं तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या खटपटीपेक्षा दोन गाड्यांची जागा सोडून देणं बिल्डरला स्वस्त वाटलं असावं.

पुण्याला चिंच नवी नाही. शुक्रवार पेठेतली एक जुनी तालीम चिंचेची तालीम म्हणूनच ओळखली जाते. पण हल्ली शहरातल्या माणसाची चिंचेशी गाठ पडते ती पाकिटातल्या काळ्या वडीशी, नाहीतर बाटलीतल्या अर्काशी. अर्क मीही वापरून पाहिला. घाईच्या दिवशी भेळेच्या चटणीला चालतो. आमटीत मात्र तो सगळ्यांच्या पुढे पुढे करतो, तूर मागे पडते.

माझं माहेर गुहागरकडचं. आमच्याकडे आंबट म्हणजे आमसूल, आणि उन्हाळ्यात कैरी. चिंच घरात असायची ती अळूसाठी आणि पितळेची भांडी घासायला. सासूबाई नगर जिल्ह्यातल्या. त्यांच्या लेखी आमसूल हे अंगावर पित्त उठलं की चोळायचं औषध. त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं आमच्या घरात आमटीचे दोन पक्ष होते. जिचा हात ज्या दिवशी फोडणीला, तिचं आंबट. या घरात राहायला आलो आणि दाराशी चिंच मिळाली, तेव्हा पारडं त्यांच्या बाजूला झुकलं. माझीही फारशी तक्रार उरली नाही, कारण झाड दाराशी असलं की चिंच हा एक पदार्थ राहत नाही. वर्षभरात तीच चिंच चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी होऊन स्वयंपाकघरात येते.

चैत्रात येतो तो चिगूर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला. पोपटी, कुठे कुठे तांबूस, चिमटीत धरला तर चुरगळेल इतका नाजूक. त्याचा आंबटपणा हलका आणि हिरवा असतो, जिभेवर रेंगाळत नाही. तो कसा रांधायचा हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या हैदराबादच्या वहिनींनी दाखवलं. पाला तळव्यांवर चोळायचा, बारीक देठं गळून पडतात. मग तो तुरीच्या डाळीत घालायचा आणि वरून लसूण-सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. त्यांच्याकडे तो मटणातही घालतात. सासूबाई म्हणाल्या, आम्ही पोरं असताना हा ओरबाडून नुसताच खायचो, शिजवायला कुठला उरायचा!

गवयांना चिंचेच्या पाल्याचं वेगळंच अप्रूप. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी त्यांची जुनी श्रद्धा आहे. आमच्या इमारतीत अद्याप कुणाचा गळा सुधारलेला नाही.

ज्येष्ठ-आषाढात फुलं येतात, फिकट पिवळी, आत तांबड्या रेघा. ती मी रांधत नाही, मधमाश्यांना राहू देते. दिवाळीच्या सुमारास हिरवे आकडे लोंबायला लागतात. आतला चिंचोका टणक व्हायच्या आत ते उतरवले तर ठेचा होतो. हा ठेचा सासूबाईंचा. आकड्यांचे तुकडे, हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, गुळाचा खडा, सगळं खलबत्त्यात कुटायचं, मिक्सरमध्ये नाही. मिक्सर त्याचा लगदा करतो. मग तेलात हिंग टाकून ती फोडणी गार करून वर ओतायची. हिरव्या चिंचेचा आंबटपणा धारदार आणि थोडा तुरट. बाजरीच्या भाकरीला तो पेलतो, पोळीला नाही.

पौषात चिंच गाभुळते. टरफल आतल्या गरापासून सुटतं, गर हिरवट-तपकिरी होतो. या अवस्थेत ती स्वयंपाकाच्या काहीच कामाची नसते, आणि सगळ्यात जास्त संपते ती तेव्हाच. शाळेबाहेरच्या गाडीवर बोरं, आवळे आणि तिखटमीठ लावलेली गाभुळलेली चिंच घेतली नाही असा पुणेकर मला अजून भेटलेला नाही.

फाल्गुनात पिकते. इथं एक गंमत आहे. बहुतेक फळं पिकताना आंबटपणा सोडतात. चिंच सोडत नाही. तिच्यातलं टार्टारिक आम्ल, द्राक्षात असतं तेच, पिकल्यावरही मोठ्या प्रमाणात टिकतं. शिवाय साखर वाढते आणि झाडावरच गर वाळून घट्ट होतो. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी जास्त आंबट आणि जास्त गोड लागते. आपल्याकडे चिंचेच्या पाठोपाठ गूळ येतो तो काही उगाच नाही, तिच्यातच सुरू झालेली गोष्ट आपण पुढे नेतो एवढंच.

चिंचा उतरवायला सोसायटीचे माळीकाका आणि त्यांचा पुतण्या येतात. खाली ताडपत्री, वर आकडी लावलेला बांबू. पडलेल्या चिंचा दोन दिवस गच्चीवर उन्हात. मग दुपारी चार-पाच बायका आणि एक निवृत्त बँक अधिकारी असे आम्ही चिंच फोडायला बसतो. वरवंट्याने हलकेच ठोकलं की टरफल फुटतं, शिरा ओढून काढायच्या, मग गर चिरून चिंचोके बाहेर. हाताला चिकट होतं, नखं दुखतात, आणि गप्पा भयंकर होतात. फोडलेल्या चिंचेला मीठ चोळून गोळे करायचे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. नवी चिंच तांबूस असते, वर्ष उलटलं की काळी पडते. पदार्थाचा रंग उजळ हवा तर नवी, चव खोल हवी तर जुनी. सासूबाई दोन्ही बरण्या ठेवतात आणि कुठल्या भाजीला कुठली, यावर त्यांचा शब्द शेवटचा.

चिंचोके आम्ही देऊन टाकतो. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या गावाकडे ते घोंगडी विणणाऱ्यांकडे जात. चिंचोके भिजवून, वाटून केलेली खळ लोकरीच्या धाग्याला लावली की धागा ताठ राहतो. उरलेले भाजून पोरांच्या खिशात, नाहीतर फोडून सारीपाटाचे फासे म्हणून.

स्वयंपाकात चिंचेची शिस्त कडक आहे. डाळ पूर्ण शिजल्याशिवाय कोळ घालायचा नाही. आंबट आधी पडलं की डाळ बोटचेपी होत नाही, कितीही उकळा, कण कणच राहतो. आधी कोळ, त्याला एक उकळी, कच्चा वास गेला की गूळ आणि गोडा मसाला. अळूच्या पातळ भाजीत चिंच नुसती चवीला नसते. अळवातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे घसा खवखवतो, आणि चिंचेच्या आंबटाने ती खाज मोडते. म्हणून पुण्यातल्या लग्नाच्या पंगतीत अळू होतं तेव्हा आचारी चिंचेत हात आखडत नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात मात्र कोळ ठेवायचा नाही, कळकतो.

चिंचेचं खरं वैभव पंचामृतात. देवाच्या तीर्थाचं नव्हे, पानात डाव्या बाजूला वाढायचं ते. तिळाचं कूट, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, हिरव्या मिरचीचे तुकडे, भरपूर कोळ, तितकाच गूळ. चमचाभरच वाढतात, पण तो चमचा चुकला तर अख्खं पान बेचव वाटतं. इथं जुनी, काळी चिंचच हवी. नव्या चिंचेचं पंचामृत मी एकदा माहेरच्यांना वाढलं, त्यांना आवडलं. सासूबाईंनी काही म्हटलं नाही. त्या गप्प राहिल्या की समजून घ्यायचं.

कोळ काढून उरलेला चोथा टाकत नाहीत. त्यावर पुन्हा गरम पाणी ओतून निघालेलं दुसरं पाणी वांग्याच्या भाजीला. त्यानंतरच्या चोथ्यात मीठ मिसळून गौरी-गणपतीआधी समया आणि ताम्हन घासायचं. बाजारची पावडर आमच्याकडेही आहे, पण चिंचेने घासलेल्या पितळेला जो लालसर उजाळा येतो तो तिला जमत नाही.

सगळ्यांना हे झाड प्रिय आहे असं नाही. शेजारच्या जागेतल्या गाडीवर पाला पडतो, पिकलेले आकडे पडून फुटतात, वर पक्षी बसतात. चिंचेखाली रात्री भुतं असतात हे कारणही एका बैठकीत अर्धवट हसत पुढे आलं. मध्यंतरी कमिटीने मे महिन्याच्या शेवटी छाटणी केली, म्हणजे ज्या फांद्या पावसात फुलायच्या त्याच गेल्या. त्या वर्षी बरणी अर्धी राहिली. चिंच तशीही एक वर्ष भरभरून आणि पुढचं वर्ष हात राखून देते, त्यामुळे दोष फक्त कमिटीचा होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण बैठकीत म्हटलं.

त्याचा उपयोग झाला. यंदा उद्यान विभागाची परवानगी वेळेत काढली आणि चिंचा उतरल्यावर लगेच, चैत्रातच, छाटणी उरकली. फांद्या पार्किंगभर पसरलेल्या, आणि प्रत्येकीला चिगूर लगडलेला. एरवी उंचावर असतो, हाताला लागत नाही. आता खाली बसून ओरबाडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दोन पिशव्या घेऊन आल्या, मग मी गेले, मग गाडीवर पाला पडतो म्हणणारे गृहस्थही डबा घेऊन उतरले. संध्याकाळी वहिनींकडून डाळ आली. तिला कोळाची गरजच नव्हती. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि लसूण जरा जास्त झालाय म्हणाल्या.