सणात उदास असणाऱ्यांसाठी जॅझ

माझ्या फोनमध्ये ख्रिसमसचा एक अल्बम आहे आणि तो मी दिवाळीत ऐकते. विन्स ग्वाराल्डी ट्रिओचा 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस', १९६५ सालचा. पियानो, बास आणि ड्रम्स, बस. मध्येच काही लहान मुलं येऊन गाऊन जातात. नाव माहीत नसलं तरी त्यातला 'लायनस अँड लूसी' हा तुकडा तुम्ही बहुतेक ऐकला असेल. नाचणाऱ्या स्नूपीच्या रील्समागे तोच वाजत असतो.

स्नूपी ज्या कॉमिक स्ट्रिपमधला, ती 'पीनट्स' चार्ल्स शुल्झने २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू केली, तेव्हा ती फक्त सात वर्तमानपत्रांत छापली जायची. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो ती काढत राहिला. मी 'चिंटू'वर वाढलेली मुलगी, त्यामुळे पहिल्यांदा पीनट्स वाचलं तेव्हा जरा गोंधळलेच. चिंटू आईचा ओरडा खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजातवाना. चार्ली ब्राउन मात्र हरतो आणि ते लक्षात ठेवतो. त्याचा पतंग झाडात अडकतो, त्याची बेसबॉल टीम हरत राहते, तो बॉलला लाथ मारायला धावत आला की लूसी ऐनवेळी बॉल उचलते. रात्री अंथरुणात पडून तो विचार करतो. आठेक वर्षांचं पोर, आणि विचार पन्नाशीतल्या माणसाचे.

या पोराला जॅझ चिकटलं कसं, ही मजेशीर गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ली मेंडेलसन या निर्मात्याने विली मेज या महान बेसबॉलपटूवर माहितीपट केला होता. सर्वोत्तम खेळाडू झाला, आता सर्वात वाईट खेळाडूवर करू, म्हणून तो शुल्झ आणि चार्ली ब्राउनकडे वळला. संगीत कुणाचं घ्यावं या विचारात असताना गोल्डन गेट पुलावरून जाताना त्याने रेडिओवर ग्वाराल्डीची 'कास्ट युअर फेट टू द विंड' ही धून ऐकली. राल्फ ग्लीसन या जॅझ समीक्षकाकडून त्याने ग्वाराल्डीचा पत्ता काढला. काही दिवसांनी ग्वाराल्डीचा फोन आला: एक धून सुचलीय, ऐकवतो. फोनवर नको, आवाज नीट यायचा नाही, असं मेंडेलसन म्हणत होता, पण याला धीर नव्हता. विसरायच्या आत वाजवायची होती. ती 'लायनस अँड लूसी'. म्हणजे ही धून पहिल्यांदा ऐकली गेली तीच फोनच्या खरखरीत. स्वस्तातल्या इअरफोनवर जॅझ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून थोडा दिलासा मिळायला हरकत नाही.

त्या माहितीपटाला एकही चॅनल मिळालं नाही. चार्ली ब्राउनला शोभेल असंच झालं. त्याच्या संगीताचा अल्बम मात्र १९६४ मध्ये आला. मग १९६५ मध्ये कोका-कोलाला ख्रिसमससाठी काहीतरी हवं होतं, आणि जेमतेम सहा महिन्यांत पंचवीसेक मिनिटांची कार्टून फिल्म उभी राहिली. आवाज खऱ्या मुलांचे. सॅलीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान, की तिला वाचताही येत नव्हतं. तिच्याकडून थोडे थोडे शब्द म्हणवून घेतले गेले. पाठीमागे रेकॉर्ड केलेलं हसू नाही. ते असावं की नाही यावर वाद झाला आणि शुल्झने ठाम नकार दिला. सीबीएसच्या साहेबांना फिल्म आवडली नाही. संथ आहे, जॅझ मुलांना काय कळणार. पण प्रक्षेपणाची तारीख ठरून गेली होती. ९ डिसेंबरच्या रात्री त्या वेळी सुरू असलेल्या अमेरिकेतल्या टीव्हींपैकी जवळपास निम्म्यांवर ती चालू होती.

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी मी दिवाळीला साताऱ्याला घरी गेले होते. घरात सगळं ठीक होतं, नोकरी ठीक होती, कुणी आजारी नव्हतं. पहाटे उटणं लावून आंघोळ झाली, फराळ झाला, फोटो निघाले. आणि मला काहीच होत नव्हतं. जणू कुणीतरी माझा आवाज म्यूट केला होता.

आई विचारायची, "काय झालंय?"

मी म्हणायचे, "काही नाही गं."

तिला वाटायचं मी लपवतेय. पण ते अगदी खरं उत्तर होतं. शेवटी ती म्हणाली, "सणासुदीला असं तोंड पाडून बसू नये."

मी अमेरिकन क्लायंटसाठी पुण्यात नाइट शिफ्ट करते. डिसेंबरच्या शेवटी तिकडे सगळे सुट्टीवर जातात आणि इकडे आपण रिकाम्या इनबॉक्ससमोर बसतो. तशाच एका रात्री मी ही फिल्म पाहिली. सुरुवातीलाच चार्ली ब्राउन बर्फाळ भिंतीला टेकून लायनसला सांगतो, की ख्रिसमस आलाय, सगळं आहे, पण आनंद होत नाहीये. आणि लायनस त्याला जे ऐकवतो, त्याचा मथितार्थ हाच: इतक्या छान दिवसांचाही प्रॉब्लेम करणारा तू एकटाच. आईच होती ती.

त्या सुरुवातीला जे गाणं आहे, 'ख्रिसमस टाइम इज हिअर', ती धून आधी बिनशब्दांचीच होती. शब्द मेंडेलसनने घाईघाईत, एका पाकिटाच्या मागे लिहिले. शब्द आनंदाचे आहेत. धून मात्र तसं म्हणत नाही. पहिला कॉर्ड उबदार, आणि लगेच दुसरा पायरी चुकल्यासारखा खाली घसरतो. मग पुन्हा पहिला, पुन्हा घसरण. चर्चच्या कॉयरमधली मुलं गातात, सूर कुठेकुठे सैल, आणि ते कुणी घासूनपुसून घेतलेले नाहीत. बिनशब्दांचा प्रकार सहा मिनिटांचा आहे. ड्रम्सवर काठ्यांऐवजी ब्रश फिरतात, झाडलोट चालल्यासारखे. आपल्या मालिकांत कुणी नुसतं दारात आलं तरी ढणढणाट होतो, प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते बजावून सांगायला. ग्वाराल्डी काहीच बजावत नाही. तो आनंदात आणि उदासीत मध्ये भिंत घालत नाही, एवढंच.

आणि 'लायनस अँड लूसी'? ती निव्वळ मजा आहे. डावा हात एकच आकृती हट्टाने घुमवत राहतो, उजवा त्यावर उड्या मारतो. फिल्ममध्ये नाटकाची तालीम सोडून सगळी मुलं यावर नाचतात, प्रत्येकाची ठरलेली दोन-तीन हालचालींची स्टेप, पुन्हा पुन्हा. दिग्दर्शक चार्ली ब्राउनचं कुणी ऐकत नाही. त्या अल्बमात ही धूनही आहे आणि ते घसरणारं गाणंही, म्हणून मला तो खरा वाटतो. नुसता उदास असता तर मी दोनदा ऐकून सोडून दिला असता.

ग्वाराल्डी पुढेही पीनट्सच्या फिल्म्सना संगीत देत राहिला. ६ फेब्रुवारी १९७६ च्या दुपारी त्याने तशाच एका फिल्मचं काम संपवलं. रात्री मेनलो पार्कच्या एका बारमध्ये तो वाजवत होता. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत हृदयविकाराने गेला, वयाच्या ४७ व्या वर्षी.

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना मी हा अल्बम स्वयंपाकघरात फोनवर लावला. आई सोऱ्या फिरवत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे लिफ्टमधलं गाणं कुठून आणलंस?" मी बंद करायला हात पुसले, तर म्हणाली, "राहू दे." मग दोन घाणे निघेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. संपल्यावर तिने विचारलं, "ती पोरं गात होती ते कुठलं? ते परत लाव. आणि आवाज कमी ठेव, बाबा झोपलेत."