हंसराज

फुलांचा ज्यांना सोस आहे अशीं माणसें हंसराजाच्या वाटेला सहसा जात नाहींत. त्याला फूल नाहीं, फळ नाहीं, बीं नाहीं. काळ्याभोर चकचकीत काड्यांवर हिरव्या पानांची झालर, एवढेंच त्याचें ऐश्वर्य. त्या काड्यांवरूनच इंग्रजांना कुमारिकेचे केस आठवले असावेत. पण शास्त्रांतलें ‘अॅडिअँटम’ हें नांव मला अधिक रुचतें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘न भिजणारें’. पानावर पाणी शिंपडा, थेंब घरंगळून जातो आणि पान कोरडें तें कोरडेंच!

गंमत अशी, कीं ह्या न भिजणाऱ्याचा वंश पाण्यावांचून वाढत नाहीं. पानाच्या दुमडलेल्या कडेखालीं तपकिरी धुळीसारखे बीजाणु असतात. ते ओल्या विटेवर टाकून वर कांच झांकली, कीं कांहीं आठवड्यांनीं हृदयाच्या आकाराचे, नखाहून लहान असे हिरवे पापुद्रे दिसूं लागतात. त्यांच्या पोटाखालीं पाण्याचा पातळ थर असेल तरच पुंबीज पोहत स्त्रीबीजाला गांठतें, आणि मग खरा हंसराज डोकें वर काढतो. नेच्यांचें हें दोन पिढ्यांचें गूढ होफमाइस्टरनें १८५१ सालीं उकललें. सह्याद्रींतल्या आमच्या हंसराजाला मात्र आणखी एक जवळची वाट ठाऊक आहे. त्याच्या पानाचें टोंक शेपटीसारखें लांबतें, मातीला टेंकतें आणि तेथेंच मूळ धरतें.

मुलीनें नागपुरास बिऱ्हाड थाटलें तेव्हां भांडींकुंडीं सोडून तिनें हा हंसराज मागितला. गेल्या आषाढांत मीं सुरीनें गड्डा दुभागला. दोन्हींकडे मुळें आणि कोंब येतील अशी काळजी घेतली. पण भाग सारखे झाले नाहींत. थोरला कोणता ठेवावा ह्या विचारांत मी असतां घरांतून निकाल आला, “तिकडचा उन्हाळा कडक. मोठा तिला द्या.”

परवां तिचें पत्र आलें : “बाबा, सगळीं पानें वाळलीं. गेला वाटतं.”

उन्हाळ्यांत हा हंसराज पानें टाकून मातींत निजतो, हें तिला कळवलें आहे. कुंडी फेंकूं नकोस, सावलींत ठेव, माती अगदींच सुकूं देऊं नकोस, एवढेंच लिहिलें. मृगाला अजून पंधरवडा आहे, आणि इकडचा अर्धाहि तसाच वाळून बसला आहे.