गॅलरीतला अनंत

गिरगावच्या चाळीत जागेचा हिशेब इंचांत चालतो. त्यात एकच झाड लावायचं असेल, तर मी अनंताचं नाव घेतो. कोकणातल्या परसात तो पुरुषभर उंच होतो. पण त्याची बुटकी जात बारा इंची कुंडीत गुडघ्याएवढी राहते. पानं बारमाही हिरवी, तुकतुकीत. आणि पांढऱ्या फुलाचा वास असा, की संध्याकाळी जिना चढणाऱ्याला आपला मजला मोजावा लागत नाही.

मूळचा हा चीन-जपानकडचा. कॉफी आणि इक्झोरा त्याच्याच कुळातल्या. आपल्या रानातली, डिंकासाठी ओळखली जाणारी डिकेमाली तर अगदी जवळची.

मुंबईत अनंत जगत नाही, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. इथली दमट हवा त्याला मानवते. तानसा, वैतरणा, भातसाचं नळाचं पाणीही मृदू. त्याला नडतो तो चुना. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण 5 ते 6. लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत जुन्या इमारती पडताहेत, नव्या उठताहेत. ती सिमेंटची धूळ कुंडीत उतरते. कुठे बोअरचं जड पाणी घातलं जातं. मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं असं समजून लोक शेणखत वाढवतात आणि दुखणं तसंच राहतं. त्याऐवजी पानं ओल्या फडक्यानं पुसावीत, वरची दोन बोटं माती काढून कोकणातली लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत घालावं. नवी पालवी हिरवी येईपर्यंत पंधरवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर हिराकस द्यावं.

दुसरी तक्रार कळ्या गळण्याची. रोपवाटिकेतून भरगच्च कळ्यांचं रोप घरी येतं आणि आठवड्याभरात कठड्याखाली कळ्यांचा सडा पडतो. उजेड बदलला, पाण्याची वेळ बदलली, की अनंत कळी सोडतो. सकाळचं ऊन येणारी जागा एकदा ठरवावी आणि कुंडी तिथून हलवू नये, झाडलोटीसाठीसुद्धा. माती ओलसर हवी. ठक्क कोरडीही नको, चिखलही नको. जूनमध्ये कुंडीखालची ताटली काढून टाकावी, डासांच्या दृष्टीनंही ते बरं. कळी शेंड्यावर धरते, म्हणून छाटणी बहर सरल्यावर लगेच करावी. दिवाळीनंतर कात्री लावली तर पुढच्या बहराचे शेंडेच जातात.

पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होताहेत आणि टेम्पोतून नव्या जागी गेलेली जुनी कुंडी सहसा लवकर सावरत नाही. फांदी मात्र पावसाळ्यात हमखास लागते. अर्धवट पिकलेली वीतभर फांदी घ्यावी, खालची पानं काढून ती वाळू-कोकोपीटमध्ये खोचावी आणि सावलीत ठेवावी. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. चाळ सोडण्याआधी एखादा पावसाळा हाताशी असेल, तर अशा चार फांद्या जरूर लावा आणि त्यातलं एक तरी रोप शेजाऱ्यांच्या सामानात जाऊ द्या.