'बाधणे' : एक क्रियापद

माझी मुलगी दीड महिन्याची असताना तिच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसू लागले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझं दूध बाधतंय गं तिला." व्याकरण शिकवणाऱ्या मला त्या वाक्याचा कर्ता टोचला : माझे दूध, म्हणजे मीच.

डॉक्टरांनी कर्ता बदलला. गायी-म्हशीच्या दुधातील प्रथिनांचा अंश आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतो. काही बाळांना तो सोसत नाही. अंगावर पाजणे थांबवायचे नव्हते. माझ्या ताटातून दूध, दही, ताक, तूप, खवा एवढेच जायचे होते. दुधातली अळिवाची खीर गेली, नारळ-गुळातले अळिवाचे लाडू राहिले. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या आल्या.

तीन आठवड्यांत रक्त थांबले. पण संशय म्हणजे निदान नव्हे. खात्रीसाठी दही पुन्हा खायचे होते. जे लेकराला दुखवेल ते जाणूनबुजून खाण्याइतका कठीण घास मी दुसरा खाल्लेला नाही. दोन दिवसांनी रक्त पुन्हा दिसले.

बहुतेक बाळांचा हा त्रास वर्षाच्या आसपास मावळतो, तिचाही मावळला. मात्र त्या संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "दही बाधलं हो तिला." कर्ता बदलला होता. मी बाळाला पदराखाली घेतले.