खतावणी आणि खिडकी

बँकेतला कारकून दिवसभर पैसे मोजतो, असा एक लोकप्रिय गैरसमज आहे. वास्तविक त्याचं काम फार नाजूक असतं. एका बाजूला खातेदार, दुसऱ्या बाजूला खतावणी आणि मध्ये खिडकीत तो. ज्याचं त्याला तेवढं दाखवायचं, बाकीचं पोटात ठेवायचं. पगार मिळतो तो या पोटाचा. हे आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकांत कुठंही नव्हतं. ते मला कळलं ते भाच्यामुळे, आणि तेही अजगराच्या मदतीनं.

आमची ही एका बचत गटाची खजिनदार आहे. बाया अकरा, दरमहा शंभर रुपये, आणि सगळा कारभार पत्र्याच्या पेटीतल्या एका वहीत. दिवाळीला भाचा पुण्याहून आला. वही पाहून म्हणाला, "मामी, ही वही मी पायथनमध्ये टाकून देतो. सगळ्या जणी मोबाइलवर पाहतील."

"अजगराच्या पोटात गेलेली वही कोनाले दिसते रे बापा?"

भाच्यानं खुलासा केला. पायथन ही संगणकाची भाषा. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानं ती १९९१ मध्ये जगापुढे ठेवली, आणि नाव घेतलं ते सापावरून नव्हे, 'मॉन्टी पायथन' या इंग्रज विनोदी मंडळींवरून. माझा आदर तिथंच वाढला. या भाषेत पानं उभी करायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याचं नाव जँगो. तो २००३ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स इथल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला आणि २००५ मध्ये सर्वांना फुकट खुला झाला. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याचं. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं कीर्ती मिळवली. जन्मभर दोन बोटांनी टाइप करणाऱ्या आम्हा कारकुनांना हा माणूस एकदम आपल्यातला वाटला.

पुढचं तर निव्वळ बँकिंग निघालं. वहीत रकाने कोणते, ते ठरवतं मॉडेल. पान कसं दिसावं, ते ठरवतं टेम्प्लेट, म्हणजे आमचं कोरं पासबुक. आणि वहीतल्या नोंदी काढून पासबुकात भरायला देतो तो व्ह्यू. "म्हणजे मी," मी म्हणालो. हा व्ह्यू नोंदी मागवतो, पण पान खरोखर लिहायची वेळ येईपर्यंत डेटाबेस जागचा हलत नाही. त्याला तिकडे 'लेझी' म्हणतात आणि तो गुण समजतात. आमच्याकडे याच गुणावर मेमो मिळतो.

प्रत्येक नोंदीला जँगो आपण होऊन एक वेगळा क्रमांक देतो. तो कशाला, हे शिरपूर जैनच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नुसतं शिरपूर लिहिलं, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धुळे जिल्हा उभा राहतो. तालुका मालेगाव लिहून खुलासा करावा, तर नाशिक जिल्हा. शेवटी 'जैन' लिहून वर वाशिम जिल्हा लिहावं, तेव्हा कुठं आपण आपल्या गावात येतो. गटातही एकाच नावाच्या दोन बाया आहेत. क्रमांक नसता, तर एकीचं कर्ज दुसरीनं फेडलं असतं.

भाऊबीजेला पान तयार झालं. अकरा नावं, बचत, कर्ज, थकबाकी, सगळं ओळीनं. भाचा शाबासकीची वाट पाहत उभा. ही बोट फिरवत सातव्या ओळीवर थांबली.

"हे सगळ्याईले दिसन?"

"हो मामी! पारदर्शक कारभार."

"या बाईनं पोरीच्या दवाखान्यासाठी कर्ज काढलं. दोन हप्ते राह्यले. ते तिले माहीत हाय आन् मले. तिची सासूबी गटात हाय. तिनं पाह्यलं त? वहीले पेटी हाय, तुह्या पानाले काय हाय?"

भाचा गप्प. मग म्हणाला, "तो रकाना झाकून टाकतो." पण लगेच त्यानंच कबूल केलं, की झाकलेला मजकूरही मोबाइलपर्यंत पोचतोच; माहितगार माणूस पानाच्या पोटात शिरून तो वाचू शकतो. तेव्हा मी माझा अनुभव पणाला लावला. लेजर खिडकीबाहेर सरकवून त्यावर हात ठेवणं, याला गुप्तता म्हणत नाहीत. लेजर आतच राहावं. आधी विचारावं, तू कोण; मग तिच्याच ओळी काढाव्यात.

भाच्यानं तसंच केलं. आता प्रत्येकीला परवलीचा शब्द आहे. व्ह्यू तिचा क्रमांक पाहतो आणि फक्त तिच्या नोंदी मागवतो. गटाची एकूण शिल्लक मात्र सगळ्यांना दिसते. थकबाकीचं पान एकट्या खजिनदारणीला. नोंदच नसेल तर काय लिहायचं, याचीही टेम्प्लेटमध्ये सोय असते. तिथं हिनं लिहून घेतलं, 'कोनाकडं काही नाही'.

गेल्या महिन्यात सातव्या ओळीचे हप्ते पुरे झाले. सासूबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. थकबाकीच्या पानावर तेवढं एक वाक्य उरलं. हिच्या परवानगीनं ते मी आमच्या साहेबांना दाखवलं. सत्तावीस वर्षं वसुलीत घालवलेला तो माणूस मोबाइल वरखाली हलवत म्हणाला,

"रेंज नाही वाटतं. यादी येऊनच नाही राहिली."