एका गल्लीतले दोन गोठे

काही भांडणे दूरदेशी जन्मतात, तेथील पैशावर पोसली जातात आणि मग कोणी बोलावलेले नसतानाही आपल्या ओट्यावर येऊन बसतात. १९९४ च्या नाताळात असेच एक भांडण पंचवटी कारंजापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या गल्लीत आले. त्याचे मूळ गाव जपान. वादी आणि प्रतिवादी म्हणजे निन्टेन्डो व सेगा या दोन कंपन्या. वादाचा विषय एवढाच, की मुलांनी दूरदर्शन संचासमोर बसून कोणाचा व्हिडिओ गेम खेळावा.

निन्टेन्डो ही मूळची क्योतो शहरातील पत्ते बनवणारी पेढी, १८८९ सालची. सेगा तिच्या मानाने नवखी, नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या धंद्यातून वर आलेली. या दोघींनी घरगुती खेळाचे आपापले यंत्र जपानच्या बाजारात एकाच दिवशी आणावे, हा योगायोग मोठा सूचक म्हटला पाहिजे. तो दिवस १५ जुलै १९८३ चा. त्या फेरीत निन्टेन्डोची सरशी झाली आणि तिच्या मारिओ नावाच्या मिशाळ नळदुरुस्तीवाल्याला जगभरची मुले ओळखू लागली. सेगाने १९८८ साली ‘मेगा ड्राइव्ह’ हे अधिक ताकदीचे यंत्र काढले आणि १९९१ साली सॉनिक नावाचा निळा, वाऱ्याच्या वेगाने धावणारा साळिंदरासारखा प्राणी मैदानात उतरवला. अमेरिकेत तर सेगाच्या जाहिराती निन्टेन्डोचे नाव घेऊन तिची उघड टिंगल करीत. आपल्याकडे दोन किराणा दुकानदार समोरासमोर असले, तरी एवढी पायरी सहसा ओलांडीत नाहीत.

हे युद्ध आपल्या देशात आले ते मात्र वेगळ्याच वेषात. आयातीवरील जबर करांमुळे मूळची यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. सेगाने १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीच्या मार्फत येथे विक्री सुरू केली, ती मुख्यतः ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये होती. आमच्या तेव्हाच्या चार महिन्यांच्या पगाराहून ती अधिक भरत असे. मग घरोघरी पोहोचली ती निन्टेन्डोच्या जुन्या जपानी यंत्राच्या धाटणीची स्वस्त यंत्रे आणि त्यांच्या नकला. त्या जपानी यंत्रात परक्या कॅसेटला अडवणारे कुलूप नव्हते. अमेरिकेसाठी काढलेल्या यंत्रात निन्टेन्डोने तशी एक खास चिप बसवली, कॅसेटच्या पिनाही साठाच्या बहात्तर केल्या. म्हणजे श्रीमंतांच्या दाराला कुलूप आणि आमच्या वाट्याला उघडे दार! कोणाच्या औदार्यामुळे नव्हे, पण त्या उघड्या दारातूनच भारतातील एका पिढीने मारिओला पाहिले.

आमच्या चिरंजीवांकडे अशाच जातीचे एक यंत्र होते. पहिल्या कम्युनियनच्या वेळी आप्तांनी दिलेली पाकिटे साठवून ते घेतलेले. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा उपचार त्यास कोणी शिकवला ते देव जाणे. साऱ्या गल्लीतील मुलांना तो येत असे. आमचे थोरले बंधू समोरच्याच घरात राहत. त्यांचा मुलगा आमच्या मुलाहून वर्षभराने मोठा. दोघे एका ताटात जेवलेले. शाळेतून आल्यावर दप्तर कोणाच्या घरी टाकले आहे याचा हिशेब दोन्ही घरांतील बायकांनी केव्हाच सोडून दिला होता. त्या डिसेंबरात पुतण्याचे मामा आखातातून सुट्टीवर आले आणि त्यांनी भाच्यासाठी खराखुरा मेगा ड्राइव्ह आणला.

पहिल्या दिवशी सगळे कौतुकच होते. दुसऱ्या दिवशी मुलांनी एकाच्या कॅसेटी दुसऱ्याच्या यंत्रात बसतात का ते पाहिले. बसत नव्हत्या. त्या बसू नयेत अशाच घडवलेल्या होत्या, हे त्या बालकांना कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी ‘आमचे सोळा बिटचे आणि तुमचे आठच बिटचे’ हे वाक्य आमच्या कानी आले. बिट म्हणजे काय, हे बोलणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही. पण अपमान दोघांनाही पुरता समजला. आठवड्याच्या आत गल्लीतील मुलांचे दोन तट पडले. ज्यांच्या घरी कोणतेच यंत्र नव्हते, तीच मुले या वादात अधिक हिरिरीने बोलत.

आता नाताळच्या गोठ्याविषयी सांगावयास हवे. आमच्या दोन्ही घरांचा गोठा एकच असे आणि तो आमच्या ओट्यावर मांडला जाई. गोदाकाठची माती आणायची, ओहळासाठी आरशाचा तुकडा लावायचा, ही कामे या दोन मुलांची होती. त्या वर्षी पुतण्याने आपल्या घरी निराळा गोठा मांडला. मूर्तींची वाटणी झाली. मेंढपाळ आणि गाय आमच्याकडे राहिले, तिन्ही राजे आणि उंट समोर गेले. पवित्र मरिया आमच्या ओट्यावर आणि संत योसेफ रस्त्यापलीकडे, अशी स्थिती झाली. बाळ येशूची मूर्ती मात्र प्रथेप्रमाणे आमच्या मातोश्रींच्या ट्रंकेत होती. चोवीस तारखेच्या रात्री मिसेला निघण्यापूर्वी ती त्या स्वहस्ते गव्हाणीत ठेवीत. त्या रात्री दोन्ही नातू आपापल्या ओट्यावर वाट पाहत उभे राहिले. मातोश्री बाहेर आल्या, दोन्हीकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, “एका बाळाला दोन घरं कशाला रे?” आणि मूर्ती पदराखाली घेऊन चालू लागल्या. मिसाभर ती त्यांच्या मांडीवर होती. दोन्ही गव्हाणी एपिफनीपर्यंत रिकाम्या राहिल्या.

त्या काळी आमच्या ओळखीतील अनेक वडीलधारी मंडळी व्हिडिओ गेमला सरसकट सैतानी करमणूक म्हणत. आम्हांस ते मत पटले नाही, अद्यापही पटत नाही. मारिओ उड्या मारतो यात पाप ते कोणते? घातक गोष्ट खेळात नव्हती, त्यावर चिकटवलेल्या निष्ठेत होती. आणि ती निष्ठा कशी कमावली जाई, याचे उदाहरण आम्ही पुढे वाचले. १९९३ च्या सप्टेंबरात ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी आला. निन्टेन्डोने त्यातील रक्त काढून टाकून तेथे घामासारखे काही दाखवले. सेगाने एका गुप्त संकेताआड रक्त कायम ठेवले. खप सेगाच्या प्रतीचा अधिक झाला. त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या सेनेटमध्ये सुनावणी झाली, दोन्ही कंपन्यांचे अधिकारी एकमेकांवर दोषारोप करू लागले आणि १९९४ साली खेळांना वयोमानानुसार शिक्के देणारे मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी खेळाचा दुसरा भाग आला, तेव्हा निन्टेन्डोच्या प्रतीतही रक्त होते. सभ्यपणामुळे गिऱ्हाईक जाते हे कळल्यावर सभ्यपणा किती टिकला, ते वाचकांनीच पाहावे.

स्पर्धेने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळे चित्रे सुधारली, संगीत सुधारले. आणि १९९१ पूर्वी निन्टेन्डो अमेरिकेत खेळ बनवणाऱ्यांवर ज्या अटी लादत असे (वर्षाला पाचच खेळ काढावेत, ते दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर आणू नयेत), त्या सैल होण्यास सेगाचाही हातभार लागला. पण या सुधारणांचा लाभ पंचवटीत पोहोचेपर्यंत मुले मोठी होऊन जात; भांडण मात्र ताबडतोब पोहोचे.

आमच्या गल्लीतील युद्ध मे महिन्यात संपले. व्होल्टेजच्या एका झटक्यात पुतण्याच्या यंत्राचा अडॉप्टर जळाला. साऱ्या नाशकात तसा दुसरा मिळेना. चार-पाच दिवस पुतण्या ओट्यावर बसून राहिला. सहाव्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी दुसरी जॉयस्टिक घेतली, रस्ता ओलांडला आणि काही न बोलता ती त्याच्या पुढ्यात ठेवली. नाताळात मूर्ती पुन्हा एकत्र आल्या, तरी एका राजाचा मुकुट त्या स्थलांतरात कुठेतरी हरवला तो हरवलाच.

मोठ्या युद्धाचाही निकाल लवकरच लागला, पण दोघांपैकी कोणीच तो जिंकला नाही. निन्टेन्डोने सोनी कंपनीशी सीडीवर चालणाऱ्या यंत्राचा करार केला होता. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपला सोयरा फिलिप्स असल्याचे जाहीर केले. दुखावलेल्या सोनीने स्वतःचे यंत्र काढले. ते प्लेस्टेशन, ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. २००१ साली सेगाने यंत्रे बनवणेच सोडले आणि त्याच वर्षी सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. २००७ साली तर मारिओ आणि सॉनिक एकाच खेळात ऑलिंपिकच्या मैदानावर आले. ज्यांच्या नावाने आमच्या गल्लीत अबोला धरला गेला, त्यांची अशी दिलजमाई झाली, आणि गल्लीला कोणी साधे कळवलेही नाही.

सोनीचे दुसरे प्लेस्टेशन मात्र आपल्याकडे चांगले रुजले. हैदराबादेत त्यासाठी हनुमानाच्या बालपणावर एक खेळ तयार होऊन २००९ साली विक्रीस आला. ज्या बाल हनुमानाचे जन्मस्थान म्हणून नाशिककर अंजनेरीकडे बोट दाखवतात, त्याला हाती जॉयस्टिक घेऊन चालवण्यावरून तेव्हा काहींनी आक्षेपही घेतला होता.

आमचे चिरंजीव आता पुण्यात असतात, पुतण्या मस्कतला. आमचे आणि बंधूंचे, दोन्ही वाडे पाडून तेथे इमारती झाल्या. २०२० च्या टाळेबंदीत दोघांची मुले ‘माइनक्राफ्ट’ नावाचा ठोकळे रचण्याचा खेळ एकमेकांशी खेळत असत. पुण्याच्या घरी दुबईहून आलेला निन्टेन्डोचा स्विच, मस्कतला सोनीचे प्लेस्टेशन. आणि खेळाची मालकी २०१४ पासून तिसऱ्याच स्पर्धकाकडे, मायक्रोसॉफ्टकडे. सोनीने इतरांच्या यंत्रांशी जोडून खेळण्यास बरीच वर्षे नकार दिला होता. २०१८ मध्ये तिने एका खेळापुरती वाट मोकळी केली आणि माइनक्राफ्टला ती २०१९ च्या डिसेंबरात मिळाली. एका रात्री उशिरा मस्कतहून फोन आला. मुलांनी त्या खेळात पंचवटीचे आमचे जुने घर बांधावयास घेतले होते आणि त्यांच्या बापांत वाद लागला होता. माडीचा जिना ओट्यावरून चढताना डाव्या हाताला होता की उजव्या? आम्ही सांगितले, डाव्या हाताला, आणि खालची तिसरी पायरी थोडी उंच करा म्हणावे.