रोम ते पॅरिस: शून्याच्या तऱ्हा

रोमच्या तेर्मिनी स्टेशनाबाहेर मेहुण्यांनी लॉजचं कार्ड काढलं. त्यावर आधी +३९, मग ०६, मग बाकीचे आकडे. मेहुणे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. परदेशी फोन लावताना एसटीडी कोडचं शून्य गाळायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पुण्याचा ०२० बाहेरून लावताना +९१ २० होतो, त्याच हिशेबानं त्यांनी सहाच्या आधीचं शून्य उडवलं. फोन लागेना.

इटलीनं १९९८ मध्ये लँडलाइनचं हे शून्य नंबराचाच भाग करून टाकलं. जगातून कुठूनही लावा, ते दाबावंच लागतं. मोबाइलला मात्र शून्य नाही, तो थेट तीनपासून सुरू होतो. मालकिणीचा मोबाइल कार्डाच्या मागच्या बाजूला होता. तो लगेच लागला. मेहुण्यांना ही व्यवस्था अजिबात पटली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हॅटिकन पाहिलं. या एवढ्याशा राष्ट्राची टपाल तिकिटं स्वतःची, त्याच्यासाठी ३७९ हा देशाचा कोडही राखून ठेवलेला; पण फोन आजही रोमच्याच ०६ वर चालतात.

मिलानहून गाडी दोमोदोसोलापर्यंत गेली आणि सिंप्लॉनच्या सुमारे वीस किलोमीटरच्या बोगद्यात शिरली. बाहेर पडलो तो स्वित्झर्लंडमध्ये. समोरच्या विद्यार्थिनीनं इटालियन सिमचा डेटा आधीच बंद केला होता. २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही. पण स्वित्झर्लंड संघाबाहेर आहे.

लोझानमध्ये मेहुण्यांच्या जिवात जीव आला. इथे मोबाइल ०७९ किंवा ०७८ असा लिहितात आणि बाहेरून लावताना शून्य गाळून +४१ ७९, म्हणजे अगदी आपल्या एसटीडीसारखंच. पण दुकानांच्या पाट्यांवर +४१ (०)७९ असं छापलेलं दिसायचं. कंसातलं ते शून्य दाबायचं की नाही, हे परक्या माणसाला कसं कळावं? आंतरराष्ट्रीय पद्धतीनं लिहिलेल्या नंबरात असे कंस नकोत, असं दूरसंचाराचं प्रमाण सांगतं. तरी छापणारे छापतातच. माझ्या मते या कंसाइतकी निरुपयोगी छपाई दुसरी नाही.

पॅरिसमध्ये शून्याचा नियम तोच, पण नंबर उतरवून घेताना घाम फुटतो. दहा आकडे, दोन-दोनच्या जोड्यांनी सांगायचे. मोबाइल असला तर सुरुवात ०६ नाहीतर ०७ ने. त्यात पंचाहत्तरला म्हणणार साठ-पंधरा आणि अठ्ठ्याण्णवला चार-वीस-अठरा. ‘साठ’ ऐकून आपण सहा लिहावा, तोवर तो सात झालेला असतो. लोझानचे लोकही फ्रेंचच बोलतात, पण सत्तर आणि नव्वदला त्यांच्याकडे सरळ शब्द आहेत. अर्थात एकोणऐंशी की एकोणनव्वद यावर अडखळणाऱ्या आपण मराठी माणसांनी फ्रेंचांना हसू नये. स्वागतकक्षातल्या मुलानं आमची चेहरेपट्टी पाहिली आणि नंबर कागदावर लिहूनच दिला.

तुम्ही निघणार असाल, तर घरच्यांचे, बँकेचे, डॉक्टरांचे नंबर आधीच +९१ लावून साठवा. नुसते दहा आकडे परदेशी नेटवर्कला तिथलेच वाटतात. बाहेरदेशी लावायला युरोपात ००, अमेरिकेत ०११. मोबाइलवर मात्र + सगळीकडे चालतो. शून्याचं बटण दाबून धरलं की तो उमटतो.